टाकीत समुद्राचं पाणी

८ जानेवारी, गुरुवार

सहानानं ही डायरी आणून दिली. तिच्या इथल्याच, मैसूरच्या हेब्बाळमधल्या कंपनीत नव्या वर्षाला वाटतात म्हणे. "आई, रोज चार ओळी लिही, नाहीतर दिवसभर अप्पांना बोलत बसशील," असं म्हणाली. कन्नडात लिहिलं असतं तर हात भरभर चालला असता. पण नोकरीभर बस डेपोतले सगळे रिपोर्ट कन्नडातच लिहिले. घरातलं घरच्या भाषेत लिहावं असं वाटलं. चुका होतील, होऊ देत.

मंगळवारी ह्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आतला पडदा सुटला होता. डोळ्यापुढं काळं काहीतरी येतंय म्हणून कितीतरी दिवस चष्मा पुसत बसले, मला सांगितलं नाही. डावा डोळा जन्मापासूनच अधू, म्हणजे सगळी मदार ह्या उजव्यावर. डॉक्टरांनी पडदा चिकटवून आत वायूचा बुडबुडा सोडलाय. तो पडद्याला दाबून धरणार, म्हणून तोंड कायम खाली. जेवताना खाली, झोपताना खाली, बोलताना फरशीशी बोलायचं.

हॉस्पिटलात नर्सनं "मालोजीराव कोण?" असं विचारलं तेव्हा हे ताठ उभे राहिले, जणू पणजोबांच्या घोडदळात हजेरी द्यायची होती. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण असं कुणी नाव पुकारलं की अजून छाती पुढं येते.

डोळ्याबद्दल अवाक्षर नाही. बोलतात ते जहाजांबद्दल.

११ जानेवारी, रविवार

जहाजांचं इथं लिहून ठेवते, म्हणजे मलाही नीट कळेल.

कॉम्प्युटरवर एक खेळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लढाऊ जहाजांचा. कुठल्या कंपनीचा नाही, देशोदेशीच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेला. कुणी वाऱ्याचं बघतो, कुणी तोफांचं. ह्यांच्याकडं तेल. कुठलं जहाज किती तेल भरून घेतं, किती वेगानं गेलं तर किती लांब पोचतं, ते सगळं ह्यांनी बसवायचं. आतापर्यंत त्या खेळात जहाजांना तेल लागतच नव्हतं. हवी तितकी पळवा. मार्चमध्ये मोठी मोहीम आहे, जगभरचे खेळाडू दर रविवारी संध्याकाळी एकत्र बसणार, आणि त्यात पहिल्यांदा तेल असणार होतं.

आज चिदंबरचा फोन आला. हा बेंगळुरूचा, ह्या सगळ्यांना जोडून ठेवणारा. वयानं आमच्या सहानाएवढा. फार चांगलं बोलला. "सर, तुम्ही डोळ्याला जपा, ह्या खेपेला तेल राहू दे," असं म्हणाला. हे फरशीकडं बघत "आयतु, आयतु, चालेल" म्हणाले आणि फोन माझ्याकडं दिला.

मग ऊटा केला नाही, जेवणाला हातच लावला नाही. सारु-भात तसाच राहिला. संध्याकाळी मीच म्हटलं, तुम्ही सांगा, मी टाइप करते. डेपोत डिझेलचे तक्ते मीच करत होते, त्यात काय. हे म्हणाले, "वनजा, तुला कंटाळा येईल."

येईलच. पण उपाशी माणूस घरात बघवत नाही.

१२ जानेवारी, सोमवार

आला कंटाळा. तीन जहाजं झाली.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. एळ्ळू-बेल्ला, म्हणजे आपला तिळगूळ, केला, शेजारी वाटला. ह्यांनी तोंड खाली ठेवूनच खाल्ला, तीळ फरशीवर, मुंग्यांचीही संक्रांत झाली.

आज एका गोष्टीवरून हे हसले. विनाशिका म्हणून एक जात आहे, लहान, सडपातळ, वेगवान जहाजं. तिचा पुस्तकातला आकडा मी वाचून दाखवला, पंधरा नॉटनं साडेपाच हजार मैल. (नॉट म्हणजे तासाला एक समुद्री मैल.) हे म्हणाले, खरा प्रवास ह्याच्या कितीतरी कमी धर. तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात, जहाज जड चालतं. टाकीच्या तळाचं तेल पंपाला ओढता येत नाही. पाणबुडीच्या भीतीनं नागमोडी जावं लागतं.

मी म्हटलं, म्हणजे आमच्या बन्नूरच्या गाडीसारखंच. गाडी बनवणारे सांगायचे लिटरला इतके किलोमीटर, आणि बन्नूरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागं आमची गाडी रांगायची. वरचे साहेब कागद बघून विचारायचे, डिझेल गेलं कुठं. गेलं उसात, असं मी एकदा लिहूनच दिलं होतं.

हे फरशीकडं तोंड करून इतके हसले की मी घाबरले, बुडबुड्याला काही होईल म्हणून.

बन्नूरच्या क्वार्टर्समधले दिवस आठवले. तेव्हाही हे जहाजं खेळायचे, पण पोस्टानं. धारवाडचे एक मास्तर आणि पुण्याचे एक, तिघे मिळून. आपली चाल अंतर्देशीय पत्रावर लिहायची, आठवड्यानं उत्तर यायचं. डेपोला जाताना पत्रं मी टाकायची. एकदा पोस्टमास्तरांनी मला बाजूला बोलावून विचारलं होतं, बाई, तुमचे यजमान काय करतात नेमकं. पत्रात लिहिलेलं असायचं, "उत्तरेला चारशे मैल गेलो. तेल अर्धं उरलं. वाट पाहतो." नवं लग्न होतं. मला वाईट वाटायचं, मला असं कधी काही लिहीत नाहीत.

१८ जानेवारी, रविवार

डॉक्टरांनी मान वर करायची परवानगी दिली. ह्यांनी पहिल्यांदा छताकडं बघितलं, मग खिडकीकडं. कसं दिसतंय विचारलं तर म्हणाले, पाण्याखालून बघितल्यासारखं. बुडबुडा आहे तोवर तसंच असतं म्हणे. विरायला महिना लागेल. पुढं स्क्रीनसमोर बसायला अजून मनाई.

तर मीच बसते, चिदंबरलाही तसं कळवलं. आता सकाळची तिंडी, न्याहारी, झाली की आपोआप पाय तिकडं वळतात. ह्यांना बरं वाटावं म्हणून.

२२ जानेवारी, गुरुवार

आज मला एक चूक सापडली. माझी नाही, खेळातली.

वेग दुप्पट केला की जहाज तासाला आठपट तेल पितं, मैलामागं धरलं तर चौपट. हे ह्यांनी शिकवलं. पण हेच उलटं केलं तर? वेग कमी कमी करत नेला तर आमच्या हिशेबात जहाज जवळजवळ तेलाशिवायच चालत होतं. माणसाच्या चालीनं गेलं तर पृथ्वीला चार फेऱ्या. मी म्हटलं, अहो, हे कसं शक्य आहे? स्टँडवर उभी असलेली गाडीसुद्धा डिझेल पिते. ड्रायव्हर कॉफी प्यायला उतरतो आणि इंजिन चालूच ठेवतो.

ह्यांनी कपाळावर हात मारला. जहाज उभं असलं तरी बॉयलर पेटता ठेवावा लागतो, दिवे, पंप, स्वयंपाक, सगळं चालू. हे त्यांना माहीत होतं, पण तक्त्यात घालायचं राहून गेलं होतं. "उभ्याचा खर्च" असं मी त्या रकान्याला नाव दिलं. आता फार जोरात गेलं तरी तेल संपतं आणि फार हळू गेलं तरी संपतं. मध्ये कुठंतरी एक चाल असते, तिथं जहाज सर्वांत लांब जातं. प्रत्येकाची वेगळी. ती शोधायला मजा येते.

मजा असं लिहिलं. खोडत नाही.

२५ जानेवारी, रविवार

आज चाचणी होती आणि माझी अब्रू गेली. सगळ्यांची सगळी जहाजं भर समुद्रात तेल संपून थांबली. एक स्कॉटलंडचा माणूस आहे, त्यानं लिहिलं की माझी युद्धनौका बंदरातून दिसते आहे तिथंच मेली. चिदंबरनं शोधून काढलं. मैलामागं चौपट हवं तिथं मी तासाचं आठपट घातलं होतं.

मी लॅपटॉप मिटला आणि म्हटलं, झालं, हे माझं काम नव्हे, तुमचा डोळा बरा होईपर्यंत थांबू देत सगळे. रात्री जेवताना ह्यांनी उगीच मंगळूरचा विषय काढला.

सहाना पोटात होती तेव्हा डेपोच्या पासावर आम्ही मंगळूरला गेलो होतो. घाटात मला उलट्या. बंदराच्या कुंपणाबाहेर हे दोन तास उभे, एक राखाडी जहाज बघत. एक खलाशी बाहेर आला तर त्याला विचारलं, किती टन तेल मावतं? त्यानं सांगितलं नाही. मला भूक लागली होती, मी रागावले होते. मग गोळीबजे खाल्ले, कागदाच्या पुडीत, इतके गरम की बोटं भाजली. हे म्हणाले, "तुला आठवतं, तू तेव्हा विचारलंस, मधेच तेल संपलं तर त्यांना आणून कोण देतं? एवढ्या वर्षांत मला हा प्रश्न विचारलेली तू एकटी."

मला आठवत नव्हतं. पण बरं वाटलं. उद्या आकडे दुरुस्त करते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मधले दिवस कामात गेले. साठ-एक जहाजं बसली. दुसरी चाचणी नीट झाली. स्कॉटलंडवाल्यानं आभार मानले.

आज ह्यांची मोठी तपासणी होती. मला बन्नूरला नात्यातल्या बारशाला जाणं भाग होतं, म्हणून सहाना सुट्टी घेऊन गेली बरोबर. मी संध्याकाळी बसनं आले तेव्हा दोघं अंगणात बसलेले. काय म्हणाले डॉक्टर? सहाना म्हणाली, बुडबुडा बराच विरलाय, पडदा चिकटलाय, ऑपरेशन चांगलं झालं. तिचे डोळे लाल होते. रिंग रोडला धूळ किती असते, दुचाकीवर काच लावून जात जा म्हणून मी किती वेळा सांगितलं.

जाताना तिनं मला मिठी मारली. मग उगीच परत येऊन ह्यांच्या औषधांच्या बाटल्यांवर रंगीत रबर लावून गेली, लाल सकाळची, हिरवी रात्रीची. मला वाचता येतं की.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बुडबुडा गेला. आता खुर्ची तुमची, घ्या, असं मी म्हटलं. तर नको म्हणाले. तुझा हात बसलाय, मोहीम तोंडावर आली, आता कशाला बदलायचं.

मला वाटतं, मी त्यांच्या तक्त्यात इतके बदल केले ते आवडलेलं नाही. हल्ली माझ्याशी बोलताना सरळ बघत नाहीत. कानाकडं बघतात. मी विचारलं, राग आहे का? नाही म्हणाले. मग बघा ना माझ्याकडं. "बघतोच आहे," असं म्हणाले, आणि तरी कानाकडंच.

पेपरही माझ्याकडून वाचून घेतात. चष्म्याचा नंबर बदलायचाय म्हणे. चहा बशीबाहेर सांडला, मी बोलले. वय झालं की माणूस स्वल्प हट्टी होतो. सुम्ने, नुसते बसतात आणि मी टाइप करताना ऐकतात.

२२ फेब्रुवारी, रविवार

शेवटचा नियम आज बसला. हा ह्यांचा.

तेल भरलेल्या टाक्या जहाजाच्या तळाशी असतात, तेच त्याचं वजन. तेल संपत आलं की जहाज हलकं होतं, वर तोफा जड, खाली पोकळ. वादळात असं जहाज कलंडतं. उपाय एकच, रिकाम्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरायचं. पण कप्तान ते करायला तयार नसतात, कारण टाकीत पाणी गेलं की पुढं भरलेलं तेल खराब होतं, बॉयलर धड पेटत नाहीत, वेग जातो. आणि तेलवाहू जहाज उद्याच भेटेल अशी आशा असते.

हे सगळं त्यांनी गच्चीवर बसून सांगितलं. बोगादीत आम्ही घर बांधलं तेव्हा गच्चीवरून नुसती शेतं दिसायची, आता घरांवरच्या पाण्याच्या टाक्याच टाक्या. मी विचारलं, तुम्हाला एवढं कुठून माहीत? म्हणाले, नौदलाच्या भरतीला गेलो तेव्हा रांगेवर एक म्हातारा पेटी ऑफिसर होता, म्हणजे नौदलातला हवालदारच, त्यानं सांगितलं. लेखी पास झाले होते हे. मग डोळे तपासायच्या खोलीत गेले आणि दोन मिनिटांत बाहेर. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक आहे, सासूबाई हसत सांगायच्या. पण परत येताना बेंगळुरू स्टेशनवर बसून राहिले आणि मैसूरची गाडी मुद्दाम सोडली, हे मला आज कळलं. घरी जाऊन सांगायचं धैर्य नव्हतं.

मी म्हटलं, त्यात लाजण्यासारखं काय होतं? म्हणाले, लाज नव्हे. एकदा सांगितलं की मग ते खरं होऊन बसतं.

१ मार्च, रविवार

मोहीम सुरू. संध्याकाळी सहा ते नऊ. आमच्याकडं तीन विनाशिका. मालवाहू जहाजांच्या ताफ्याला राखत उत्तरेच्या बंदरापर्यंत न्यायचं. मी कीबोर्डवर, हे शेजारी वेताच्या खुर्चीत. पडद्यावरचं सगळं मला मोठ्यानं वाचायला लावतात. वारा किती, तेल किती, कोण कुठं. मला शिकवण्यासाठी. मी वाचते. ताफा नीट निघाला.

८ मार्च, रविवार

आज जे झालं ते कसं लिहू.

निम्मी संध्याकाळ झाली होती. हे अचानक म्हणाले, "उजवीकडं वरच्या कोपऱ्यात काहीतरी हललं." मी बघितलं, केसासारखी धुराची रेघ. शत्रूचं जहाज. मला दिसलं नव्हतं, ह्यांना दिसलं. मी खूश झाले, म्हटलं, बघा, डोळा किती सुधारला. मग त्यांनी विचारलं, तेल किती उरलं? तेलाचा काटा अगदी मधोमध असतो. माझ्या चष्म्यासाठी मी आकडे हे मोठे करून घेतलेत. मी म्हटलं, समोरच तर आहे.

"तू वाच."

"तुम्ही वाचा. कोपऱ्यातला धूर दिसतो आणि हे दिसत नाही?"

मी कीबोर्डवरचा हात काढला आणि त्यांच्याकडं वळले.

"अहो, मध्ये काय दिसतं?"

"मध्ये काही नाही, वनजा. मध्ये भोक आहे. कडेकडेचं दिसतं."

माझ्या कानावरच्या हेडफोनमधून चिदंबर विचारत होता, सर, तुमची जहाजं थांबलीत, नेटवर्क गेलं का? मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

डॉक्टरांनी मोठ्या तपासणीच्या दिवशीच सांगितलं होतं. पडदा चिकटला, पण मधला भाग फार दिवस सुटा राहिला होता. तो परत येणार नाही. हिंडता-फिरता येईल, वाचता येणार नाही. मला सांगायचं नाही म्हणून ह्यांनी सहानाला शपथ घातली.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं.

"सांगितलं असतं तर तू हे मिटवून ठेवलं असतंस," लॅपटॉपकडं हात करून म्हणाले, "आणि माझ्या उशाशी येऊन बसली असतीस. मला तू इथं बसलेली हवी होतीस."

मला ओरडायचं होतं. सांडलेल्या चहावरून मी काय काय बोलले होते. पण धुराची रेघ जाड होत होती, ताफ्यात वीस माणसांची जहाजं आमच्या भरवशावर. हे हळूच म्हणाले, "दक्षिणेला वळव. वेग वाढवू नकोस, तेल पुरणार नाही." मी वळवलं. काही दिसत नव्हतं मला, डोळे भरलेले, तरी वळवलं. दोघांत मिळून तेव्हा एकही डोळा धड नव्हता.

९ मार्च, सोमवार

सहानाचा फोन घेतला नाही. तर ऑफिसला न जाता घरी आली. स्वयंपाकघरात माझ्यामागं उभी राहिली. मी म्हटलं, तुझ्या अप्पांनी जन्मभर माझ्यापासून फक्त दोन गोष्टी लपवल्या, दोन्ही डोळ्याच्या. पण तू? ती रडली. म्हणाली, अप्पा म्हणाले, तुझी आई बऱ्याच वर्षांनी एवढ्या आनंदात आहे, थोडे दिवस असू दे.

मग मीही रडले. कांदा चिरायचा राहिला, दुपारी मोसरन्नावर भागवलं, दही-भात तिघांना पुरला.

संध्याकाळी ह्यांच्यासमोर बसले. विचारलं, माझा चेहरा दिसतो का? म्हणाले, सरळ बघितलं तर नाही. कानाकडं बघितलं की कडेनं दिसतो. सतरा तारखेला मी काय लिहिलंय ते वर जाऊन वाचलं. पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

१५ मार्च, रविवार

शेवटचा दिवस. वादळ लागलं. चिदंबरच्या लोकांनी वारा असा बसवलाय की जहाजं बघूनच मळमळतं.

आमच्या तिघींच्याही टाक्या जवळजवळ रिकाम्या. तेलवाहू जहाज खेळातल्या पहाटे भेटायचं ठरलं होतं, ते वादळात मागं पडलं. विनाशिका हलक्या, कलायला लागल्या. शेजारच्या तुकडीत स्कॉटलंडवाल्याच्या दोन विनाशिका, त्यांचंही तेच.

हे म्हणाले, टाक्या कोरड्या ठेव, तेलवाहू येईल. पाणी भरलंस तर वेग जाईल, शत्रू पुढं जाऊन ताफ्याची वाट अडवेल, मोहीम हातची जाईल. स्कॉटलंडवाल्यानंही तेच ठरवलं. खेळ म्हणून तेच बरोबर असणार.

मी म्हटलं, मला पाणी भरायचंय.

"का?"

"तुम्हाला आशा वाटते तेलवाहू येईल. मला कागदावर दिसतंय की येणार नाही. आणि आहे ते आहे म्हणायला कुणाची भीती आहे?"

ते माझ्या कानाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुला दिसतंय. तू ठरव."

पाणी भरलं. जहाजं खोल बसली, स्थिर झाली, आणि बैलगाडीसारखी चालायला लागली. तासाभरानं स्कॉटलंडवाल्याच्या दोन्ही विनाशिका एकामागून एक आडव्या झाल्या. चिदंबर म्हणाला, आंटी, तुमच्याच नियमानं बुडाल्या. मला फार वाईट वाटलं. मी त्या स्कॉटलंडवाल्याला चार ओळी लिहिल्या, माझ्या इंग्रजीत. त्याचं उत्तर आलं, नियम चांगला आहे, मी चुकलो.

तेवढ्या चालीनं आम्ही ताफ्याला शेवटपर्यंत राखू शकलो नाही. चार मालवाहू जहाजं गेली. आमचा पक्ष हरला. बाकीचे बंदरात शिरल्यावर पुष्कळ वेळानं आमच्या तिघी शिरल्या. मागाहून सगळे बोलत होते, कुणीतरी विचारलं की मैसूरच्या जहाजांचा कप्तान कोण, त्याला जरा बोलू द्या. ह्यांनी हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. म्हणाले, "तुला विचारतायत."

मी काय बोलले ते आठवत नाही. सहाना सांगते की मी तेलाच्या पंपाबद्दल फार वेळ बोलले.

१९ मार्च, गुरुवार

युगादी. बेवु-बेल्ला खाल्ला, कडुनिंब आणि गूळ. ह्यांनी गूळ कमी घेतला, नेहमीसारखा.

सहानानं अक्षरं मोठी करून दाखवणारं एक यंत्र आणायचं म्हटलंय. हे आधी नको म्हणाले, मग म्हणाले, बघू. चिदंबरनं विचारलं, पुढच्या मोहिमेला तेल तुम्हीच बघाल ना? कुणाला विचारतोय ते त्यानं सांगितलं नाही. आम्ही दोघंही हो म्हणालो.

दुपारी मी लिहीत बसले तर ह्यांनी विचारलं, त्या डायरीत काय लिहितेस एवढं? म्हटलं, तुमच्याबद्दलच. वाच म्हणाले. मी पहिल्या पानापासून वाचत गेले. दोन ठिकाणी थांबले, पुन्हा वाचलं. हे खिडकीकडं तोंड करून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, डोळ्याचं फार झालंय ह्यात. जहाजांचं पुढं काय झालं ते लिहिलंच नाहीस.

तर लिहिते. तिन्ही विनाशिका उत्तरेच्या बंदरात सुखरूप. टाक्यांतलं पाणी उपसून झालं, आतून पुसून घेतल्या. तेल भरणं चालू आहे. वारा कमी. समुद्र शांत, रंग शिशासारखा, कडेला थोडा हिरवा. कप्तान दोघं, दोघं जागेवर.